काकीच्या कांडपाचा परवाना

चाळीतले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या रांगेतलाही बहुधा पहिलाच. माझं अक्षर बरं होतं, एवढ्यावरून मला कायदाही कळतो अशी सगळ्यांची समजूत झाली होती. रजेचा अर्ज, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवण्याचा अर्ज, मुलीला शाळेत घ्या म्हणून मुख्याध्यापकांना विनंती. "ए अर्जवाल्या, जरा वर ये रे," अशी हाक आली की मी फुलस्केप कागद घेऊन निघायचो. मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आवडायचं. त्यातले बहुतेक अर्ज आता आठवत नाहीत. एक मात्र मायन्यापासून सहीपर्यंत आठवतो.

तो मी काकीसाठी लिहिला होता. काकी म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मालवणकडे तिचा भाऊ होता, तो दर मे महिन्यात निरोप पाठवायचा, आता इकडेच येऊन राहा. काकी दर वर्षी तोच निरोप परत पाठवायची. "हात चलतत तोवर मी कोणाच्या दारात जावचंय नाय," असं ती म्हणायची. आमच्या शेजारची खोली तिची होती, आणि ती तिला स्वतःच्या कमाईवर टिकवायची होती. तिला बाकी काही नको होतं.

कमाई मसाल्याची होती. बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी भंगारातून एक मोटार, दोन लोखंडी मुसळं आणि एक पट्टा जमवून काकीला कांडपाचं यंत्र उभं करून दिलं होतं. रांगेच्या शेवटी, जिथे डोंगर कापलेला होता, तिथे पत्र्याची शेड घातली. होळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत काकीला श्वास घ्यायला फुरसत नसायची. बायका मिरच्या, धणे, सगळं निवडून वाळवून आणायच्या, काकीच्या दारातल्या चुलीवर भाजायच्या आणि तिच्याकडून कांडून न्यायच्या. आम्हा कोकणातल्यांचा मसाला वेगळा, वरच्या रांगेतल्या सातारकडच्या बौद्ध कुटुंबांचा कांदा-लसणाचा वेगळा, आणि प्रत्येक घराचं प्रमाण पुन्हा निराळं. एका घराचा मसाला संपला की काकी मूठभर तांदूळ टाकून मुसळं पुसून घ्यायची, मगच दुसऱ्या घराचा घ्यायची. ते तांबूस पीठ ती भजीला वापरायची. तिच्या हातून कधी कोणाच्या मसाल्यात दुसऱ्याचा कण गेला अशी तक्रार मी ऐकली नाही.

तक्रार एकाच गोष्टीची होऊ शकली असती, ती म्हणजे मिरची भाजताना उठणाऱ्या खाटाची. ज्यानं मिरचीचा खाट घेतला नाही त्याला सांगून समजायचं नाही. घसा धरतो, डोळे गळतात, एक शिंकला की सगळी रांग शिंकते. पण त्याचाही बंदोबस्त चाळीने कधीचाच करून ठेवला होता. भाजणीच्या आदल्या दिवशी काकी सार्वजनिक नळाला सुतळीने दोन लाल मिरच्या बांधायची. पाण्याला येणाऱ्या प्रत्येकीला कळायचं, उद्या खाट आहे. भाजणी अकरानंतर आणि दोनच्या आत, पुरुष कामावर आणि पोरं शाळेत असताना. तिसऱ्या खोलीतल्या आजोबांना दमा होता. ते त्या दिवशी जेवण बांधून खाली मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे, आणि त्याबद्दल काकी त्यांना वर्षभर पुरेल इतका बिनमिरचीचा मसाला द्यायची. "म्हातारबुवा, यंदा डबा मोठा आणा, गेल्या साली तुमची सून ओरडली," ती म्हणायची. आजोबा म्हणायचे, "डबा मोठा आणतो, पण खाट छोटा कर." हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी शाळेत होतो तेव्हापासून ते असंच चालत आलं होतं.

मी एस.वाय.ला अर्थशास्त्र घेतलं होतं. आमच्या सरांची मतं कॉलेजात बाकी कोणाशी जुळत नसत. त्या काळात नियोजन, नियंत्रण, परवाना हे शब्द आम्ही चांगल्या अर्थानेच शिकत होतो, आणि हे सर म्हणायचे की प्रत्येक नियमाला आधी एक प्रश्न विचारा: हा नियम नसता तर लोकांनी काय केलं असतं? कदाचित ते आधीच करत असतील. वर्गातली मुलं हसायची. मी हसत नव्हतो, पण मला पटतही नव्हतं. मी एकदा उभा राहून म्हणालो की परवाने नसतील तर ज्याच्या हातात ताकद त्याचंच चालेल, गरिबाला कायदाच वाचवतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "बसा, वकीलसाहेब!" सर मात्र गंभीर होते. म्हणाले, "वाचवतो. पण कधीकधी गरिबापासून दुसऱ्या कोणालातरी वाचवतो. ते बघत जा."

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरून गेलो.

दर हंगामात वॉर्ड ऑफिसातला एक माणूस दोनदा चढण चढून यायचा. शेडच्या दारात उभा राहायचा, काही बोलायचा नाही. काकी त्याला मसाल्याची पुडी द्यायची. तो "वहिनी, यंदा रंग चांगला आलाय," असं म्हणून उतरायचा. बस, इतकंच. काकीला त्यात काही वाटत नव्हतं. ती म्हणायची, "तेच्या घराक पण जेवण व्हया ना?" मला मात्र ते बघवत नव्हतं. मी नागरिकशास्त्र मनापासून वाचलेला मुलगा होतो. माझी काकी चोरी करत नाही, कष्ट करते, आणि तरी तिला कुणाच्या तरी मर्जीवर राहावं लागतं, हे मला टोचत होतं. मला वाटलं, परवाना काढला की ती पुडी बंद होईल आणि काकी मान वर करून काम करील.

मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला परवाना कोणापासून वाचवणार?"

"त्या माणसापासून, सर."

"आणि ऑफिसनं नाही म्हटलं तर?"

"नाही का म्हणतील? ती काही वाईट करत नाही."

"अर्ज करायच्या आधी चौकशी कर," एवढंच सर म्हणाले. मी चौकशी केली नाही. अर्ज करणं हीच चौकशी, असं मला वाटत होतं.

काकीला राजी करायला मला बरेच दिवस लागले. ती भांडी घासत असायची आणि मी उंबऱ्यावर बसून बोलायचो.

"चलता ता चलांदे रे," ती म्हणायची. "न सांगता चलता, ता सांगून कित्याक थांबवूचा?"

"थांबणार नाही काकी, पक्कं होईल. भिंतीवर फ्रेम करून लाव. कोणी आलं की बोट दाखवायचं."

"फ्रेम? तुझ्या काकाचो फोटो लावूक भिंत नाय, थय तुझो परवानो लावू?"

बाबा आतून म्हणाले, "वहिनी, शिकलाय तो, त्याला काहीतरी दिसत असेल." बाबांना माझ्या शिकण्याचा इतका अभिमान होता की त्यांनी मला कधी अडवलं नाही. कधीतरी अडवायला हवं होतं, असं आज वाटतं. पण तो दोष त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही.

शेवटी काकी म्हणाली, "तू शिकलंस, तुका कळता." तिने सही केली. अंगठा नाही, सही. तिची अक्षरं मीच तिच्याकडून गिरवून घेतली होती.

अर्ज मी अगदी मनापासून लिहिला. काय काम चालतं, किती वर्षं चालतं, मोटार किती ताकदीची, शेड कुठे, भाजणी कोणत्या वेळात, सगळं खरं खरं लिहिलं. "सदर व्यवसाय अर्जदार गेली अनेक वर्षे प्रामाणिकपणे करीत आहे," हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी दोनदा वाचून दाखवलं.

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज वाचला, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"हो."

"अक्षर छान आहे." मग त्याने एक यादी दिली. जागेच्या मालकाची संमती, शेडचा नकाशा, विजेच्या जादा भाराची मंजुरी, आणि शेजाऱ्यांचे ना हरकत दाखले. मला यादी बघून भीती वाटली नाही. मला वाटलं, शेजाऱ्यांचं तर एका संध्याकाळचं काम आहे.

पहिल्यांदा आजोबांकडे गेलो. वर्षानुवर्षं ज्यांची काकीच्या कामाला हरकत नव्हती, त्यांना कागदावर तसं लिहून देताना काय अडणार? आजोबांनी चष्मा लावला, कागद हातात धरला, परत दिला.

"आजोबा, तुमची हरकत नाहीच ना?"

"नाही रे."

"मग सही करा."

"बोलायला हरकत नाही, पोरा. लिहायला आहे." मग जरा ओशाळून म्हणाले, "उद्या दमा वाढला नि डॉक्टरने विचारलं, तर माझीच सही पुढे येईल. तुझी काकी कांडू दे, मी जातो देवळात. कागद नको."

दुसऱ्या खोलीतल्यांनी विचारलं, सही केली की आमचंही नाव ऑफिसात जाईल का? आमची पण पोटमाळ्याला परवानगी नाही रे. तिसरीकडे म्हणाले, घरमालक काय म्हणतो ते बघू. एकजण हसून म्हणाला, "अर्जवाल्या, आता आमच्याकडून पण अर्ज? वाट लावतोस की काय आमची?" वरच्या रांगेतल्या सातारकडच्या वहिनींनी मात्र विचार न करता सही केली. म्हणाल्या, "मसाला खाते तर सही करायला काय झालं बाई." सबंध चाळीत तीच एक सही.

मला तेव्हा लोकांचा राग आला. आता येत नाही. नळाला मिरच्या बांधल्या की प्रत्येकजण आपापल्या सोयीने त्या खाटाची व्यवस्था करत होता, कोणी देवळात जाऊन, कोणी दारं लावून. ती त्यांची आपसातली देवाणघेवाण होती आणि ती रोज बदलू शकत होती. मी त्यांना ती एकदाच, कायमची, एका तिसऱ्या माणसासमोर लिहून द्यायला सांगत होतो. त्यांनी ना म्हटलं ते काकीला नव्हतं. पण हे मला कळायला फार उशीर झाला.

दाखले अपुरे असताना मी अर्ज तसाच दाखल केला, "उर्वरित कागदपत्रे लवकरच सादर करीत आहे" असं लिहून.

ऐन हंगामात तपासणीला आला तो नेहमीचा माणूस नव्हता. नवा अधिकारी होता, तरुण, नीट कपडे केलेला. काकीने सवयीने पुडी पुढे केली. त्याने हात मागे घेतला. "नको, आजी," तो म्हणाला. मला आतून आनंद झाला. असा प्रामाणिक माणूस यावा हीच तर माझी इच्छा होती.

त्याने शेड बघितली. माझा अर्ज त्याच्या हातात होता आणि तो एकेक ओळ ताडून बघत होता. निवासी वस्ती. घरगुती मीटरवर मोटार. उघडा पट्टा. तो पट्टा खरंच उघडा होता, आणि एकदा एका मुलीची ओढणी त्याच्या अगदी जवळ गेली होती, हे मी नाकारत नाही. मी म्हणालो, "साहेब, त्याला जाळी बसवतो, बाबा फिटर आहेत."

"जाळीचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "या वस्तीत या कामाला परवाना मिळतच नाही. शिवाय खाली बाजारातल्या गिरणीकडे कांडपाचा परवाना आहे, त्यांनी लेखी हरकत घेतलीय. एका वस्तीला दोन कशाला, असं त्यांचं म्हणणं."

"पण हे इतकी वर्षं चालूच आहे ना?"

त्याने अर्ज उचलून दाखवला. "तेच तुम्ही लिहून दिलंय. आता मला दिसलं नाही असं मी कसं म्हणू?" तो रागाने बोलत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं असं मला वाटलं. मग त्याने पत्र्याच्या दाराला लाखेची मोहोर लावली आणि नोटिशीवर काकीची सही घेतली. तिने ती सही सावकाश, एकही अक्षर न चुकता केली.

आत सातारकडच्या वहिनींचा अर्धा कांडलेला मसाला तसाच राहिला. तो त्यांना कधी मिळाला नाही.

बाबा कामावरून आले तेव्हा काकी मोहोर लावलेल्या दाराशी बसली होती. बाबा म्हणाले, "जाळी लाव म्हणून नुसतं सांगितलं असतं तर मी एका दिवसात बसवली असती." ते मला उद्देशून नव्हतं, पण मी खाली बघितलं.

काकी मला एकदाच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा. "तुझ्या कागदान केल्यान ह्या," ती म्हणाली. "तो पुडी न्हेय होतो तो माणूस बरो होतो. तो माका बघी, नि बघून न बघल्यासारखा करी. तुझो साहेब कागद बघता." चहा तिने घेतला नाही.

पुढे बायका मसाला घेऊन बाजारातल्या गिरणीत जाऊ लागल्या. तिथे रांग असायची, आणि मुसळं कोणी पुसून घेत नसे. एका वर्षी आमच्या मसाल्याला हळदीचा वास येत होता. आईने गिरणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, पटत नसेल तर दुसरीकडे जा." दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी मला सरांचं ते वाक्य आठवलं, गरिबापासून दुसऱ्या कोणालातरी वाचवतो. मी जुनी वही शोधून काढली. तिथे ते वाक्य माझ्याच अक्षरात होतं, खाली रेघ मारलेली.

काकीने एक हंगाम हाताने रेटून बघितला. दगडी उखळ आणि लाकडी मुसळ. काही घरं हट्टाने तिच्याकडेच आली. पण तिचं वय पन्नाशीच्या पुढचं, खांदा धरला तो सुटेना. रात्री कूस बदलताना ती कण्हायची ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आई तेल चोळून यायची आणि माझ्याकडे न बघता जेवण वाढायची. मे महिन्यात भावाचा निरोप आला, तेव्हा काकीने तो परत पाठवला नाही.

मी त्यानंतर बराच विचार केला आहे, आणि अजूनही कुठल्याच बाजूने छातीठोकपणे बोलता येत नाही. नियमच नकोत असं मी म्हणत नाही. पट्टा उघडा होता, खाट खरा होता, एखाद्या चाळीत दुबळ्या म्हाताऱ्याला कोणी न विचारता भट्टी पेटवणारेही असतात. पण आमच्या चाळीत विचारलं जात होतं. ऑफिसकडे त्या विचारण्याला नोंदवायची जागा नव्हती. त्यांच्याकडे हो आणि नाही असे दोनच रकाने होते, आणि त्यातलं 'नाही' आधीच बाजारातल्या गिरणीने भरून ठेवलं होतं. त्या पुडीवाल्या माणसालाही मी चांगला म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की काकीचं काम, काकीचे शेजारी आणि काकीची गरज, यांचं ज्ञान चाळीत होतं, ते मी एका कागदावर उतरवून अशा माणसाकडे नेऊन दिलं, ज्याला त्याचं काही करता येत नव्हतं. लाच नको म्हणून मी गेलो. पण नुसती लाच काढून टाकली की जे उरतं ते न्याय्यच असेल, हे मी गृहीत धरलं होतं.

काकीला सोडायला मी कुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर गेलो होतो. बाबांना रजा मिळाली नव्हती. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं. आम्ही बाकावर बसलो. मला माफी मागायची होती. मी घरून ते ठरवून आलो होतो, वाक्यही तयार होतं. पण तोंड उघडलं आणि मी भलतंच बोलायला लागलो. वरच्या ऑफिसात अपील करता येतं, जागेचा दर्जा बदलून मागता येतो, सरांच्या ओळखीचे एक वकील आहेत, मी सगळे कागद पुन्हा नीट करतो, दाखले जमवतो, एखादं वर्ष लागेल. मी बोलतच राहिलो. काकी माझ्याकडे बघत होती, बहुतेक पूर्ण ऐकत होती. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"बरां," ती म्हणाली. "ती गाडी लागली बघ. पेटी वर चढव."

मी पेटी चढवली.